आजींना ‘येते’ म्हणून निघाले होते

कळव्याच्या एका ताईंनी वहीच्या दोन पानांवर पत्र लिहून त्याचे फोटो पाठवले आहेत. ओळख पटेल असं सगळं वगळून त्यांचं म्हणणं इथे देते.

त्या बत्तीस वर्षांच्या आहेत. नवी मुंबईतल्या एका हॉस्पिसमध्ये, म्हणजे ज्यांचा आजार आता बरा होणार नाही अशा रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणाऱ्या केंद्रात, अडीच वर्षं नर्सिंग एड म्हणून काम करतात. कागदावर पद काहीही असो, वॉर्डात सगळ्यांच्या त्या ‘मावशी’. ड्युटी सकाळी आठ ते रात्री आठ. त्या लिहितात: “पहिल्या वर्षी कुणी गेलं की मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे. आता डोळ्यांत टिपूस येत नाही. डोळे मिटवते, हनुवटी बांधते, अंग पुसते, चादर बदलते आणि पुढच्या बेडकडे जाते. स्पंजिंगचं पाणी कोपरावर बघायची सवय तेवढी राहिली आहे, बाकी मी दगड झाले.” एप्रिलमध्ये एका आजींनी त्यांचा हात धरून ‘थांब गं’ म्हटलं होतं. आठ वाजून गेले होते, घरी आठ वर्षांची मुलगी वाट बघत होती. ‘येते आजी’ म्हणून त्या निघाल्या. पहाटे आजी गेल्या. “तेव्हाही मला रडू आलं नाही.”

घरी सासूबाई दारातच थांबवतात. अंघोळ झाल्याशिवाय मुलीला जवळ घेऊ देत नाहीत, ‘मढ्यांचा विटाळ घरात नको’ म्हणतात. नवरा म्हणतो, मरणाऱ्यांची सेवा करून काय मिळतं, सोड. दोन कामं समोर आहेत. ठाण्यातल्या एका प्रसूतिगृहात आयाची जागा आहे, पगार थोडा कमी. दुसरं, घरोघरी मावशी पुरवणाऱ्या एका ब्युरोकडून घोडबंदर रोडला घरी जाऊन बारा तासांची ड्युटी, पैसे बरेच जास्त. प्रश्न असा: “हे काम सोडू का? माझ्यात माणसासारखं काही उरलंय का?”

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं, बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी परत वाचलं. दोन्ही वेळा एकाच वाक्यावर अडले, आणि ते तुम्ही जाता जाता लिहून टाकलं आहे. पाणी कोपरावर बघायची सवय तेवढी राहिली.

ही सवय कशासाठी, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. सारखे हात धुऊन, ग्लोव्हज घालून तळहात राठ होतात, त्यांना पाण्याचा चटका नीट कळत नाही. आणि ज्यांचं अंग पुसायचं त्यांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली असते. पाणी पोळलं तरी ‘आई गं’ म्हणायची ताकद त्यांतल्या अनेकांत नसते. नातेवाईक बाहेर बाकड्यावर, सिस्टर दुसऱ्या खोलीत. पाणी जरा कढत असतं तर कुणाला कळलं असतं? कुणालाच नाही. तरी अडीच वर्षांनंतरही तुम्ही बाही वर सारून कोपर बुडवता, आणि मग पत्रात लिहिता की मी दगड झाले. मला हे पटत नाही.

आपल्याकडे रडण्याचा हिशेब ठेवतात. मयताला कोण किती रडलं, सून खरंच रडली की नुसता पदर डोळ्यांना लावून बसली, हे दहाव्यापर्यंत चघळलं जातं. तेच माप तुम्ही वॉर्डात घेऊन गेला आहात. पण ते माप घरच्यांसाठी आहे. त्यांच्या वाट्याला असं मरण काही वर्षांतून एकदा येतं, तुमच्या वाट्याला एका महिन्यात कितीदा येत असेल. प्रत्येकासाठी पहिल्या वर्षीसारखं रडत राहिला असतात, तर शेजारच्या बेडवर ज्यांची कूस दर दोन तासांनी बदलायची असते त्यांची कूस कुणी बदलली असती? तुमच्या मनाने आपली आपण सोय लावून घेतली आहे. तिला निर्दयपणा म्हणू नका.

तुमच्या कामात मला काळजी वाटली असती ती निराळ्या गोष्टींची, आणि तुमच्यासारखं काम करणाऱ्या बाकीच्यांनीही त्या स्वतःत तपासाव्यात. पेशंटला न सांगता त्याला कुशीवर वळवलं जाऊ लागलं आहे का? ‘काका’, ‘आजी’ जाऊन ‘चार नंबर’, ‘सात नंबर’ तोंडात बसलं आहे का? बेल वाजली की आधी कपाळाला आठी पडते का? घरी मुलीवर कारण नसताना हात उचलला जातो का, रात्री डोळा लागत नाही का, मिश्री-तंबाखू वाढली आहे का? यातलं काही असेल तर ते थकव्याच्या पुढचं आहे, आणि ‘होईल नीट’ म्हणून ढकलू नये. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मन जड झालं म्हणून फोन करायला वेड लागावं लागत नाही.

आता आजींबद्दल.

रडण्याबद्दल तुम्ही पाऊण पान लिहिलंत, आजींबद्दल चार ओळी. पण दोन पानांत खाडाखोड एकाच जागी आहे. ‘जाते’ लिहून ते खोडलंय आणि वर ‘येते’ लिहिलंय. मला वाटतं, तुम्ही पत्र लिहायला बसलात ते त्या एका शब्दासाठी.

आपण निघताना ‘जाते’ म्हणत नाही. आपल्या आयांनी लहानपणी हटकून ती सवय मोडली. तुम्ही ‘येते’ म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला खरंच आलात. आजी नव्हत्या. मग मन म्हणायला लागलं की मी त्यांना खोटं सांगून निघाले.

तुम्ही थांबला असतात असं धरू. किती वाजेपर्यंत? दहा, अकरा? त्या पहाटे गेल्या. म्हणजे रात्रभर थांबायला हवं होतं, आणि सकाळी आठला पुन्हा ड्युटीवर उभं राहायला हवं होतं. आणि पुढच्या आठवड्यात दुसरं कुणी ‘थांब’ म्हणालं असतं तेव्हा? हॉस्पिसमध्ये असं म्हणणारं माणूस एकच नसतं. शिवाय तुमच्याकडच्या जुन्या सिस्टरांना विचारा, त्या सांगतील की अनेक माणसं नेमकी जवळचा माणूस चहाला उठून गेला तेव्हा जातात. आठ-आठ दिवस उशाशी बसलेला मुलगा खाली औषध आणायला जातो आणि वर येईपर्यंत संपलेलं असतं. तो मुलगा आयुष्यभर स्वतःला दोष देतो, तुम्ही आत्ता देताय तसाच. शेवटची घटका ही परीक्षा आणि तिला आपण गैरहजर, असं आपण मनात मांडून ठेवलेलं असतं. त्या आजींच्या बाजूने बघा. त्यांच्या वाट्याला तुमचे कितीतरी दिवस आले होते. तोंड पुसणं, वेणी घालणं, टाचेखाली उशी सरकवणं. ‘थांब’ म्हणावंसं वाटलं ते तुम्हाला, ते त्या दिवसांमुळेच.

पण पुढच्या वेळेसाठी एक गोष्ट करता येईल. कुणी थांब म्हणालं की ‘उद्या येते’ एवढ्यावर निघू नका. रात्रीच्या मावशींना बेडपाशी बोलवा आणि पेशंटचा हात तुमच्या हातातून त्यांच्या हातात द्या. “आजी, मी निघते, आता ह्या आहेत तुमच्याजवळ. डाव्या कुशीवर दुखतं, मी सांगितलंय ह्यांना.” दोन मिनिटं लागतात. रजिस्टरमध्ये ड्युटी बदलल्याची नोंद होते तेव्हा पेशंटला काही कळत नाही, हात बदलला की कळतं. ज्यांच्या घरी दिवसाची आणि रात्रीची मावशी वेगळी आहे त्यांनीही हे करून बघावं.

सासूबाईंवर रागावणं मला सोपं आहे, पण आधी एक कबूल करते. काही वर्षांपूर्वी नौपाड्याला आमच्याकडे वडिलांसाठी ब्युरोतून एक मावशी यायच्या. पाच महिने आल्या. त्यांच्या चहाचा स्टीलचा कप आम्ही खिडकीच्या कठड्यावर वेगळा ठेवायचो. कुणी तसं ठरवलं नव्हतं, आईने ठेवला आणि मी कधी उचलला नाही. शेवटच्या दिवशी बाबांना घरघर लागली. मी घाबरून चमच्याने पाणी पाजायला गेले, तर मावशींनी माझा हात धरला. म्हणाल्या, ताई, चमचा नको, ठसका लागेल, बोट ओलं करून ओठांवरून फिरवा. त्यांनी बाबांना एका कुशीवर केलं, पाठीशी उशी लावली, तसा तो आवाज बराच कमी झाला. म्हणाल्या, हा आवाज आपल्याला ऐकवत नाही, त्यांना त्याचा तेवढा त्रास नसतो. गंगाजल आणि तुळशीचं पानही मग आम्ही तसंच, ओल्या बोटानं, ओठांना लावलं. त्या रात्री मी तो कप घासला आणि हातात धरून ओट्यापाशी उभी राहिले. तो कुठे ठेवायचा ते मला कळेना.

म्हणून तुमच्या दाराशी काय होतं ते मी ओळखते. त्यात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत, त्या सोडवा. अंघोळ योग्यच आहे. तुम्ही मलमूत्र, जखमा, सक्शनची भांडी हाताळता. घरी जंतू येऊ नयेत म्हणून कपडे बदलायचे, ते वेगळे धुवायचे, हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचे, हे मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टरही करतात. ‘विटाळ’ हा शब्द मात्र त्यातला नाही. जंतू साबणाने जातात, आणि मरण कुणाच्या अंगाला चिकटून कळव्यापर्यंत येत नाही. केंद्रात स्टाफसाठी बाथरूम असेल तर इन्चार्ज सिस्टरांना विचारून तिथेच अंघोळ करून, घरचे कपडे घालून निघा. मग दारात थांबायचं कारणच राहत नाही. सासूबाईंशी बोलायचं काम मात्र तुमच्या नवऱ्याचं आहे. आई त्याची आहे.

मुलगी कधीतरी विचारेल, आई तू मेलेल्या माणसांना हात लावतेस का. कदाचित आजीकडून ऐकून विचारेलही. तेव्हा विषय बदलू नका. हो म्हणा. आणि त्याच माणसांना त्याआधी मी भात भरवते, नखं काढते, गाणं लावून देते, तेही सांगा. आठ वर्षांच्या मुलीला एवढं समजतं.

नवऱ्याच्या ‘काय मिळतं’ या प्रश्नावर मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण तो फक्त त्यांचा नाही. बरं होणार नाही त्याच्यावर कशाला मेहनत, असं शिकलेली माणसंही म्हणतात. परळच्या केईएम हॉस्पिटलात तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग, हल्ल्यात मेंदूला इजा झाल्यामुळे, १९७३ पासून २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षं अंथरुणावर होत्या. त्या बऱ्या होणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. वॉर्डात परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण त्यांना भरवणं, पुसणं, कूस बदलणं थांबलं नाही. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बेडसोअर होऊ न देणं काय असतं, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? त्यांना दयामरण द्यावं का, हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा २०११ साली न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. रोज अंग पुसणाऱ्यांना न्यायालयाने जवळचं मानलं, ताई. आणि हॉस्पिसची आजची पद्धत ज्यांनी उभी केली, त्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्सच होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना नर्सिंग सोडावं लागलं, मग त्या समाजसेविका झाल्या, पुढे डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये लंडनला त्यांनी पहिलं आधुनिक हॉस्पिस काढलं. आपल्याकडे १९८६ मध्ये वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झालं, भारतातलं पहिलं. सॉन्डर्स म्हणत की मरणाऱ्या माणसाचं दुखणं फक्त शरीराचं नसतं. मनाचं, घरच्यांचं, पैशाचं, देवाधर्माचं, सगळं मिळून ते एक दुखणं असतं. डॉक्टर राउंडला येऊन मॉर्फिनचा डोस ठरवतात. बाकीचं दुखणं रात्री-अपरात्री कुणाच्या कानावर पडतं, ते तुम्ही जाणता.

सॉन्डर्सबाईंच्या पाठदुखीवरून आठवलं. पेशंटला एकटीने काखेत हात घालून वर ओढू नका. ड्रॉशीट, म्हणजे पेशंटखालची आडवी चादर, धरून दोघींनी सरकवा, गुडघ्यात वाका, कमरेत नाही. हिपॅटायटिस बीच्या लशीचे तिन्ही डोस झाले नसतील तर केंद्राकडे मागा.

आता समोरची दोन कामं. प्रसूतिगृहात जावंसं वाटत असेल तर जा, त्यात पळून जाणं काही नाही. पण तिथे गेल्याने आपण माणूस आहोत हे सिद्ध होईल, या आशेने जाऊ नका. प्रसूतिगृहातही रात्रपाळी आहे, रक्त आहे, आणि एखाद्या दिवशी रिकाम्या हाताने घरी जाणारी आईही आहे. त्या दिवशीही तुम्ही पाळण्यातली चादर बदलाल आणि पुढच्या खाटेकडे जाल.

ब्युरोचं काम आत्ता घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. पैसे जास्त आहेत आणि तुमच्या घरी त्यांची गरज असेल, हे कळतं. पण आत्ता तुमच्याजवळ निदान एक सिस्टर आहे, शेजारी दुसरी मावशी आहे. तिथे बाविसाव्या मजल्यावर तुम्ही आणि पेशंट. जे मनात साठलंय ते बोलायला एकही माणूस नाही. पुढे कधी घेतलंत, किंवा हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणी घेतलं, तर काही गोष्टी आधी विचारून घ्या. घरचे देतात त्यातले ब्युरो किती कापतं, आणि पगार कोणत्या तारखेला, कुणाच्या हातून मिळतो. आठवड्याची सुट्टी आहे का, बदली माणूस कोण देतं. भांडी-केर तुमच्याकडे येणार का. इंजेक्शन ‘तुम्हीच टोचा’ म्हणाले तर ते तुमचं काम नाही, तिथे ठाम राहा. घरातल्या कुणी अंगचटीला येण्याचा प्रयत्न केला तर २०१३ च्या कायद्यात राहतं घरसुद्धा कामाची जागा धरलं आहे, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेशंटचा श्वास बदलला तर रात्री तीनला कुणाला फोन करायचा, हे पहिल्याच दिवशी घरच्यांसमोर विचारून कागदावर लिहून घ्या. हॉस्पिटलला न्यायचं की घरीच ठेवायचं, हे घरच्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवलेलं असायला हवं. ते ठरलेलं नसतं तेव्हा ऊर्ध्व लागला की एक जण ॲम्ब्युलन्स बोलावतो, दुसरा नको म्हणतो, आणि सकाळी बोल मावशीला लागतो की तिने वेळेवर सांगितलं नाही.

माझं मत विचाराल तर तीन महिने काहीच सोडू नका. त्याऐवजी इन्चार्ज सिस्टरांकडे जाऊन दोन मागण्या करा. एक, लागोपाठ दोन-तीन मृत्यू तुमच्याच बेडवर झाले तर पुढचे काही दिवस बेड बदलून द्यावेत. दुसरी, गेलेल्या माणसाचं शेवटचं आवरणं एकटीने करायला लावू नये, दोघींनी मिळून करावं. अंग पुसताना तुम्ही दोघी त्या माणसाबद्दल चार शब्द बोलाल. कोकणातल्या घराबद्दल किती बोलायचे ते, चहात साखर कमी पडली की कसे चिडायचे. आणि ते बोलून झाल्यावर मग चादर बदला. त्या केंद्रात हे आधी कुणी मागितलं नसेल, कारण मावशी मागत नाहीत. तुम्ही मागा. तीन महिन्यांनीही प्रसूतिगृह खुणावत असेल तर तेव्हा जा.

ज्यांच्या घरी आत्ता अशी मावशी येते आहे, त्यांच्याशीही दोन शब्द. तिचं नाव विचारा, आणि कप एकच ठेवा. माणूस गेलं की दुसऱ्या दिवशी तिला दुसऱ्या घरी पाठवलेलं असतं. तिचा हिशेब त्याच दिवशी पुरा करा, आणि तेराव्याला तिलाही फोन करा. मी केला नव्हता.

ताई, एक गोष्ट पत्रात कुठेच नाही. आजी कशा गेल्या ते तुम्ही रात्रीच्या मावशींना विचारलंत का? सकाळी आलात तेव्हा बेडवर धुतलेली चादर होती, एवढंच तुम्हाला माहीत आहे. त्यांना झोप लागली होती की जाग होती, कुणी जवळ होतं का, काही बोलल्या का, हे त्या मावशींना माहीत असणार. त्यांनाही ते कुणाला तरी सांगायचं असेल, कारण त्यांनाही कुणी विचारलेलं नसणार. या आठवड्यात एक दिवस ड्युटी बदलताना त्यांना थांबवा आणि विचारा. कदाचित तिथे तुम्हाला रडू येईल, कदाचित नाही येणार. मुलीला आधीच फोन करून ठेवा, आज मला अर्धा तास उशीर होईल. नेहमीची गाडी चुकली तर मागून ठाण्याची दुसरी आहे.